शोकप्रस्तावाला विरोध

दत्ताभाऊ येवले उभे राहिले आणि मी कपाळाला हात लावला. पुन्हा कुणीतरी मेलं होतं.

"अध्यक्ष महोदय," त्यांनी आवाज खाली आणला आणि खिशातून रुमाल काढला, "कामकाज सुरू करण्याआधी अत्यंत जड अंतःकरणानं सांगावं लागतंय, की कुस्तीक्षेत्राचं भूषण पैलवान गुंडाप्पा यांचं काल निधन झालं."

"कोण गुंडाप्पा?" मी शेजारच्या नगरसेविकेला हळूच विचारलं.

"काय माहीत. आमच्या ह्यांना विचारायला पाहिजे," ती म्हणाली. तिचे 'हे' बाहेर व्हरांड्यात बसून सभेवर लक्ष ठेवून असत.

सगळे उठले. मीही उठले. दोन मिनिटं माना खाली घालून आम्ही त्या अनोळखी पैलवानाला आदरांजली वाहिली. मग नगराध्यक्ष प्रतापराव मानकर म्हणाले, "प्रथेप्रमाणे दिवंगतांच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करण्यात येत आहे." लगेच चहा आला. माझा विषय पुन्हा राहिला.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. वाघेरी नगरपालिकेत मी आरोग्य समितीची सभापती होते, सत्ताधारी प्रतापरावांच्या गटातली. आमच्या नगरपालिकेची एक जुनी प्रथा होती. सभेत शोकप्रस्ताव मांडला की मौन पाळायचं आणि त्या दिवसाचं कामकाज बंद. नियमाच्या पुस्तकात असं काही नव्हतं, पण मेलेल्या माणसाला विरोध कोण करणार? विरोधी गटाचे नेते दत्ताभाऊ हे ओळखून होते. माझा विषय पटलावर आला की त्यांच्याकडे एक प्रेत तयार असायचं. एकदा निवृत्त कीर्तनकार, एकदा परराज्यातले कुणी माजी मंत्री. एका सभेत तर शेजारच्या तालुक्यातला शर्यतीचा बैल गेला म्हणून आम्ही उभे राहिलो होतो.

"बैलासाठी?" मी त्या दिवशी ओरडले होते.

"शेतकऱ्यांच्या भावनांशी खेळू नका, ताई," दत्ताभाऊ म्हणाले होते आणि त्यांच्या बाजूची बाकं वाजली होती.

माझा विषय साधा होता. गावातल्या दवाखान्याच्या जागी चोवीस तास चालणारं प्रसूतिगृह करायचं, शस्त्रक्रियेच्या सोयीसकट. डॉक्टर, नर्स, यंत्रं, सगळं सरकार देणार होतं. आम्ही फक्त इमारत देतो असा ठराव करायचा होता. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत ठराव झाला नाही, तर मंजुरी दुसऱ्या तालुक्याला जाणार होती. तोवर वाघेरीतल्या अडलेल्या बाईला घाट चढून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागे, आणि कधी कधी ती घाटातच राही.

त्या दिवशी चहा न घेताच मी बाहेर आले, तर जिन्यात शमीम मुलाणी उभी. माझ्याच वॉर्डातली. साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिचं पहिलं मूल घाटात गेलं होतं, जीपमध्ये, वरच्या वळणावर. आता दुसऱ्यांदा दिवस होते. पहिल्या सभेला ती प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसली तेव्हा पोट दिसतही नव्हतं. सभा तहकूब होत गेल्या आणि पोट वाढत गेलं.

"झालं का ताई?" तिनं विचारलं.

"नाही. एक पैलवान गेले."

"आता पुढची मीटिंग?"

"पंधरा दिवसांनी. प्रतापरावांना त्याआधी वेळ नाही म्हणे."

तिनं पदर सावरला. "तवर मी दम धरते," ती म्हणाली. पोटावर हात ठेवून पायऱ्या उतरत गेली.

मी तशीच जाऊन दत्ताभाऊंना गाठलं. ते पान लावून घेत होते.

"दत्ताभाऊ, खरं सांगा. ठरावात वाईट काय आहे?"

"काहीच नाही, ताई. फार चांगला ठराव आहे. म्हणून तर अडवतोय." ते अगदी मनापासून बोलत होते. "वाईट असता तर होऊ दिला असता आणि निवडणुकीत तोच वाजवला असता. चांगला झाला तर मतं तुम्हाला पडणार. मग आम्ही काय करायचं?"

"आणि बायकांनी काय करायचं?"

"आम्ही निवडून आलो की आम्ही करू ना. पहिल्याच सभेत."

या माणसाला मारावं की त्याच्यासमोर रडावं हेच कळेना. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अजून सांगितलीच नाही. शोकप्रस्तावानं सभा उडवायची ही युक्ती मुळात माझ्या वडिलांची. रंगराव थोरवे, सगळ्या गावाचे आप्पा. ते आयुष्यभर दत्ताभाऊंच्या पक्षात. मी लग्न करून काकडेंच्या घरात गेले आणि सासरच्या पक्षात आले, तेव्हा आप्पा हसले होते फक्त. त्यांनी जकातीचा एक ठराव असाच महिनोन्‌महिने लटकवला होता. दत्ताभाऊ त्यांचाच चेला, त्यांच्या सायकलवर मागे बसून राजकारण शिकलेला.

आप्पा तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी माझ्या भावाकडे, अरविंदकडे होते, अंथरुणाला खिळलेले. मी भेटायला गेले की तावातावानं सांगायची, "तुमच्या त्या येवल्याला जरा समजवा."

"सभागृहात बाप-लेक नसतात, शैले."

"मग निदान तोड तरी सांगा याच्यावर."

"तोड नाही." बोलताना त्यांना धाप लागायची, पण डोळे मिस्किल. "असती तर दुसऱ्यांनी माझ्यावरच नसती वापरली?"

मी रागानं त्यांच्या हातातला पेला काढून घ्यायची आणि मग स्वतःच पाणी पाजायची.

सभेच्या दिवशी पहाटे अरविंदचा फोन आला. आप्पा गेले होते. झोपेतच.

मी पलंगावर बसून राहिले. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला सभा आठवली. आज दुपारनंतर कधीही आचारसंहिता लागेल असं कलेक्टर कचेरीतून कळलं होतं. म्हणजे आजची सभा शेवटची. आणि माझे वडील आजच गेले होते. वडिलांवर अशा वेळी कुणी चिडतं का? मी चिडले. एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला, आप्पा?

"अरविंद, ऐक," मी म्हणाले. "अंत्यविधी वाघेरीतच करायचा ना? मग संध्याकाळी करू. आणि दुपारपर्यंत कुणाला सांगू नकोस. नातेवाइकांनाही नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कळलं तर सभा तहकूब होईल."

तो म्हणाला, "तू अगदी त्यांचीच मुलगी आहेस," आणि फोन ठेवला.

एका माणसाला मात्र सांगावंच लागलं. आप्पांना घाटातून खाली आणायला गाडी हवी होती. वाघेरीत ॲम्ब्युलन्स एकच, नगरपालिकेची. आजाऱ्याला वर न्यायलाही तीच आणि मेलेल्याला खाली आणायलाही तीच. ती गावाबाहेर पाठवायची तर नगराध्यक्षांची परवानगी लागायची. मी प्रतापरावांना फोन केला.

"अरेरे," ते म्हणाले. "फार मोठा माणूस गेला. गाडी आत्ता पाठवतो. तुम्ही आज घरीच थांबा, ताई."

"मी सभेला येणार आहे. माझा विषय पहिला घ्या. आणि सभा संपेपर्यंत हे कुणाला कळू देऊ नका, एवढं करा माझ्यासाठी."

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," प्रतापराव म्हणाले. त्या आवाजानं मला धीर आला होता. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी नेहमीची साडी नेसले, नेहमीसारखी टिकली लावली आणि स्कूटरवरून निघाले. वाटेत दोघा-तिघांनी नमस्कार केला. मी हसून हात केला. हसायला जमलं याचंच मला नवल वाटलं.

सभागृह भरलं होतं. प्रेक्षकांच्या बाकावर शमीम बसली होती, आता अवघडलेली, पाय पसरून, मागे भिंतीला टेकून. तिनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मान हलवली. आज होणार.

मुख्याधिकारी कुलथे यांनी विषयपत्रिका उघडली. प्रतापराव म्हणाले, "सभापती शैलाताई काकडे यांचा विषय आज प्रथम घेऊ." मी फाइल हातात घेऊन उभी राहिले. समोर दत्ताभाऊ मान खाली घालून बसलेले. ते उठले नाहीत. मी पहिलं वाक्य वाचलं. ते तरीही उठले नाहीत. दुसरं वाचायला घेतलं आणि दार उघडलं.

दोघेजण एक मोठी तसबीर घेऊन आत आले. तिला ताज्या फुलांचा हार घातला होता. फोटो आप्पांच्या शेवटच्या निवडणुकीतल्या पत्रकातला, हात जोडलेला, डोक्यावर टोपी, ओठांवर तेच मिस्किल हसू. काच पुसलेली, चौकट नवी. एवढं सगळं सकाळपासून तयार व्हायला किती वेळ लागला असेल, हाच विचार माझ्या डोक्यात पहिला आला.

दत्ताभाऊ उठले. या वेळी त्यांनी रुमाल काढला नाही.

"अध्यक्ष महोदय, आज पहाटे आपले सर्वांचे आप्पा गेले," ते म्हणाले आणि थांबले. "मी शाळेत अनवाणी जायचो. मला पहिली चप्पल आप्पांनी घेतली. पुराच्या साली कंबरभर पाण्यातून त्यांनी खालच्या आळीतली म्हातारी माणसं पाठीवर बाहेर काढली. मी त्यांच्या मागे कंदील धरून होतो. आज जे काही येतं मला, ते त्या माणसानं शिकवलेलं आहे."

दत्ताभाऊ खरंच रडत होते. मला नेमकं तेच सहन होईना. नाटक असतं तर मी ते फाडून काढलं असतं.

"मी शोकप्रस्ताव मांडतो," ते म्हणाले.

खुर्च्या सरकू लागल्या. मी फाइल टेबलावर आपटली.

"माझा विरोध आहे."

कुणीतरी "काय?" असं म्हणालं.

"शोकप्रस्तावाला माझा विरोध आहे. नोंद करा."

"ताई," दत्ताभाऊ डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या वडिलांसाठी आहे हा."

"माझेच वडील आहेत ते. पहाटेपासून मला माहीत आहे ते गेले म्हणून. मी तरीही आले. घरचं माणूस म्हणून हात जोडून सांगते, सभा चालू द्या. दहा मिनिटांचं काम आहे. मग तुम्ही दिवसभर मौन पाळा."

"प्रथा आहे, ताई," प्रतापराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो."

"माझी मनःस्थिती बाजूला ठेवा. कुलथेसाहेब, शोकप्रस्तावानंतर सभा तहकूब करावीच लागते असं कुठं लिहिलंय?"

कुलथ्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, प्रतापरावांकडे बघितलं. "लिहिलेलं असं नाही, मॅडम. पण तसा पायंडा आहे."

"मग मतदान घ्या."

"शोकप्रस्तावावर मतदान?" मागून कुणीतरी ओरडलं. "लाज वाटत नाही?"

"नाही वाटत," मी म्हणाले. "आजवर बैलासाठी उभी राहिले, तेव्हा वाटली होती. आज नाही वाटत. मतदान घ्या."

माझी इथं गफलत झाली. रागाच्या भरात मला वाटलं, हात वर करायची वेळ आली की निदान आमच्या गटाची माणसं माझ्या बाजूनं येतील. सगळ्यांनी मला शब्द दिला होता. प्रतापरावांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. लोकशाही आहे. आप्पांना श्रद्धांजली वाहण्याच्या बाजूनं जे असतील, त्यांनी आपापल्या जागी उभं राहावं."

तसबिरीतून आप्पा हात जोडून बघत होते. बसून कोण राहणार? विरोधी गट उभा राहिला. आमचा गट उभा राहिला. माझ्या शेजारची नगरसेविका माझ्या खांद्याला हात लावून "माफ करा हं" म्हणाली आणि उभी राहिली. कुलथे उभे राहिले, शिपाई उभे राहिले. मौनही तेच आणि मतदानही तेच झालं. सगळ्या सभागृहात मी एकटी बसून होते, माझ्या वडिलांच्या फोटोसमोर.

मग मागे बाक करकरलं. मी वळून बघितलं. शमीम उठत होती. एक हात भिंतीला, एक हात कमरेला, दात आवळून. तिला उठायला फार त्रास होत होता. मी मान हलवून 'नको' म्हणाले, पण ती उठलीच. डोक्यावर पदर घेतला आणि नीट उभी राहिली. तिला उभी बघून मात्र माझा धीर सुटला. मी तोंडावर पदर घेतला.

सभा तहकूब झाली. माणसं येऊन माझ्यासमोर हात जोडून जात होती. शमीम जवळ आली तेव्हा मी तिच्यावरच चिडले.

"तू कशाला उठलीस? तुझ्यासाठी बसले होते ना मी?"

"माणूस गेलंय ताई. उभं ऱ्हायला नको?" ती म्हणाली. मग माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही घरी जावा आता. माझं मी बघते."

मी बाहेर आले तर दत्ताभाऊंची गाडी दाराशी उभी. "ताई, आज स्कूटर चालवू नका. बसा. मी सोडतो घरी," ते म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि गाडीत बसले.

गाडी निघाली तशी मी म्हणाले, "ड्रायव्हरनं सांगितलं ना तुम्हाला? ॲम्ब्युलन्सच्या?"

"नाही. प्रतापरावांचा फोन आला सकाळी."

मी गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," दत्ताभाऊ म्हणाले. "आजच कशाला, आधीच्या सभांनाही यायचा. आज कोण आहे का, बघा म्हणायचे. पैलवान त्यांनीच सुचवला. मी तरी त्याला कुठं ओळखतो?"

"पण का? ठराव त्यांच्याच पक्षाचा आहे!"

"ठराव तुमचा आहे, ताई. पुढचं नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव निघालंय. प्रसूतिगृह करून दाखवणारी बाई डोळ्यांसमोर असली, तर त्यांच्या बायकोला कोण विचारणार?" गाडी माझ्या दारापाशी थांबली. "आम्ही विरोधक. अडवणं आमचं कामच. तुमच्या माणसांचं तुम्ही बघा. आणि आप्पांसाठी चंदनाची लाकडं मी सांगितलीत, त्याची चिंता करू नका."

मी दार जोरात आपटून उतरले. ते खाली उतरून माझ्या जावेला म्हणाले, "ताईंना काहीतरी खायला घाला." असा तो माणूस.

चार वाजता आचारसंहिता लागली. संध्याकाळी आप्पांना आणलं. मी हट्टानं स्मशानात गेले. ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा बघितला, गालाला हात लावला. तोवरच लोकांनी त्यांना उचललं आणि पुढे नेलं. दोन्ही पक्षांची झाडून सगळी माणसं आली होती. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या अंत्यविधीला स्मशानात भाषणं होतात. माइक लागला होता. एक संपला की दुसरा उठत होता, आणि अरविंद मडकं घेऊन ताटकळत उभा होता.

प्रतापरावांनी माइक हातात घेतला. "आप्पांची शेवटपर्यंत एकच तळमळ होती," ते म्हणाले, "गावातल्या मायभगिनींसाठी एक भव्य प्रसूतिगृह! मी आज या ठिकाणी शब्द देतो, की आप्पांच्या नावानं..."

कुलथे घाईघाईनं पुढे झाले आणि त्यांच्या कानाशी लागले. माइक चालू होता. "साहेब, आचारसंहिता. आश्वासन देता येणार नाही," सगळ्या स्मशानाला ऐकू आलं.

"...असं माझं वैयक्तिक मत आहे," प्रतापरावांनी वाक्य पुरं केलं.

मला हसू फुटलं. आलेल्या नगरसेविका माझ्याकडे बघू लागल्या आणि एकीनं मला जवळ घेतलं. तिला वाटलं मी रडतेय.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. शमीमचा नवरा यासीन. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. शर्टाची बटणं उलटसुलट लागलेली.

"ताई, तिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात गेलो तर नर्स म्हणाली मूल आडवं आहे, वर न्या लगेच. ॲम्ब्युलन्स कुठंय विचारलं तर इकडं आहे म्हणाली."

ॲम्ब्युलन्स आतच होती, चितेपासून थोड्या अंतरावर, आणि तिच्यापुढं फाटकापर्यंत माणसंच माणसं. मी ड्रायव्हर किसनला हाक मारली. तो उडी मारून बसला. मी शेजारी चढले, यासीन मागे. आणि नेमकं तेव्हाच माइकवरून दत्ताभाऊंचा आवाज आला, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

सगळं स्मशान स्तब्ध झालं.

किसननं किल्लीवरचा हात काढून घेतला.

"काढ गाडी," मी म्हणाले.

"ताई, मौन चाललंय."

मी खिडकीतून पुढच्या माणसाला म्हणाले, "जरा सरका." ते आमच्याच गटातले एक नगरसेवक होते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतले. त्यांच्यापलीकडचे, त्यांच्याही पलीकडचे, सगळे हात जोडून, माना घालून. एकही हलेना. मागे यासीन "या अल्ला, या अल्ला" असं पुटपुटत होता. बाजूला, माणसांच्या डोक्यांवरून, मला लाकडांवर ठेवलेल्या आप्पांचे पाय तेवढे दिसत होते.

"सायरनचं बटण कुठंय?" मी किसनला विचारलं.

त्यानं नुसतं बोट दाखवलं. मी ते दाबलं.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. झाडांवरचे कावळे उठले. डोळे मिटलेली माणसं दचकून बाजूला उडाली, एकाची टोपी पडली. दत्ताभाऊ माइकसमोर तोंड उघडं ठेवून उभे होते. प्रतापराव काहीतरी ओरडत होते, पण त्यांचं मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. मी बटणावरचं बोट काढलंच नाही. गर्दी फाटली. अरविंद मडकं घेऊन तसाच उभा होता. आमची नजरानजर झाली आणि त्यानं मान हलवून जा म्हटलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मागे वळून बघितलं. लाकडांवरचे पाय दिसेनासे झाले होते. तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले, सायरन वाजत असताना, किसनच्या शेजारी बसून.

शमीमला घेतलं आणि घाट चढायला लागलो. वरच्या वळणावर तिनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली. "थांबवू नका," ती म्हणत होती. "काय झालं तरी हितं थांबवू नका." किसननं गाडी थांबवली नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला आत घेतलं. पोट फाडून मूल काढलं. मुलगी. दोघीही जगल्या.

मंजुरी दुसऱ्या तालुक्याला गेली. आमच्या पक्षानं मला तिकीट दिलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, आप्पांच्या निधनाच्या बातमीखाली, दोन्ही गटांचं एक संयुक्त पत्रक छापून आलं होतं. दिवंगत नेत्याच्या अंत्यविधीचा अवमान केल्याबद्दल नगरसेविका शैला काकडे यांचा तीव्र निषेध. खाली प्रतापराव मानकर आणि दत्ताभाऊ येवले, दोघांच्या सह्या शेजारी शेजारी. वाघेरी नगरपालिकेत त्या पाच वर्षांत एकमतानं आणि त्याच दिवशी झालेलं एवढं एकच काम मी पाहिलं.